चौदाशेचा रिपोर्ट

पोस्टिंग उत्तरेला होतं, बर्फात. पोस्टवर आम्ही अकरा जण. मी रेडिओ ऑपरेटर, वय तेवीस. चारशे मीटर वर एक छोटी चौकी, तिथं दोन जवान. दर तासाला तिथनं ओके रिपोर्ट यायचा. "सब ठीक, ओव्हर." मी लॉगमध्ये लिहायचो. बाकी काम म्हणजे बर्फ काढा, बर्फ वितळवा, चहा करा, परत बर्फ काढा. खरंच सांगतो, एवढंच!

वरच्या चौकीत दत्ता होता, माझा बडी. परभणीकडचा. गावाकडं फोनवर सांगायचा, "मी ढगांच्या वर राहतो, पाऊस माझ्या खाली पडतो." दोन दिवस त्याला खोकला होता. त्या दिवशी चौदाशेला, म्हणजे दुपारी दोनला, सेटवर त्याच्या बोलण्यापेक्षा श्वासच जास्त ऐकू आला.

"दत्ता, छातीत घरघर होतीय का?"

"थंडी हाय रे. तू लिही, सब ठीक."

"साहेबांना सांगू?"

"येडा का तू? खाली धाडतील. पोरं म्हणतील, ढगातला हिरो खोकल्यानं पडला. लिही."

मी लिहिलं.

१४४० ला दुसरा जवान सेटवर ओरडला, "दत्ता उठंना! लवकर या!" ऑक्सिजन घेऊन पळालो. त्या चढावर माझा गुडघा गेला. हेलिकॉप्टर मागवलं, ढगांमुळं उतरू शकलं नाही. १७२० ला दत्ता गेला. फुफ्फुसात पाणी झालं होतं. नंतर बेस कॅम्पवर डॉक्टर साहेब आमच्या पोस्टच्या सुभेदार साहेबांना म्हणाले, आदल्या दिवशी खाली आणला असता तर वाचला असता. हळू म्हणाले. मला ऐकू आलं.

गुडघ्यामुळं मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवलं आणि मी घरी आलो, निघोजेला. आता चाकणच्या एका कंपनीत गेटवर असतो, फर्स्ट शिफ्ट. पुढचं पटापट टाइप करतोय, कारण थांबलो तर खोडून टाकीन.

मधल्या काही महिन्यांत झोप गेली. जेवण मातीसारखं लागायचं. सकाळी डोळे उघडायच्या आधीच भीती छातीवर बसलेली. गोळीची भीती कळते राव. ही कशाची तेच कळेना! मोठा भाऊ, दादा, कांदा मार्केटला टेम्पो चालवतो. रोज विचारायचा, "काय फौजी, कसं काय?" मी म्हणायचो, "एकदम ओके." वहिनी म्हणायची, "मिल्ट्रीवाल्यांचं बरं, कायम ओके." सगळे हसायचे. मीपण.

एका मंगळवारी शिफ्ट सुटली. कंपनीच्या बसमध्ये बसलो आणि विचार आला की आपण नसलो तर बरं. शांतपणे आला. त्या शांतपणाला मी जेवढा भ्यालो, तेवढा वर पोस्टवर कधी भ्यालो नव्हतो. चाकण चौकातच उतरलो. दादाला फोन लावला.

"बोल फौजी! ओके ना?"

'हो' ओठांवर आलं होतं. 'मदत कर' म्हणायला जीभ वळेना. मग जे येत होतं तेच केलं.

"दादा, रिपोर्ट देतो. मधी बोलू नको. ठिकाण, चौकातला बसस्टॉप. परिस्थिती, ठीक नाही. बरेच महिने नाही. मला माझीच भीती वाटतीय. मागणी, तू ये. ओव्हर."

पलीकडं नुसता हमालांचा आरडाओरडा. वाटलं, आता हसणार.

"तिथंच थांब," दादा म्हणाला. "फोन कट करायचा न्हाई. बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"कायबी. समोरच्या ट्रकचे नंबर वाच."

मी नंबर वाचत राहिलो. बाविसाव्या ट्रकला त्याचा टेम्पो आला, अर्धाच भरलेला. उतरून त्यानं माझं मनगट धरलं, ते घरापर्यंत गिअर टाकण्यापुरतंच सोडलं.

"आधी का न्हाई बोललास रं?"

"हसशील वाटलं."

"हसलो असतो," दादा म्हणाला. "मग आलो असतो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं नेलं. गोळ्या चालू आहेत. भीती अजून येते. रोज चौदाशेला दादाचा फोन असतो, नियम एकच, 'ओके' म्हणायचं नाही. आजचा रिपोर्ट: झोप चार तास, जेवण एक भाकरी, भीती आहे.

"रॉजर फौजी," दादा म्हणाला. "अजून अर्धी खा."

दत्ता, त्या लॉगमध्ये तुझ्या चौकीपुढं माझ्या अक्षरात 'सब ठीक' आहे. ते आता खोडता येत नाही. म्हणून इथं लिहितो. १४०० वाजता, जवान दत्ता, ठीक नव्हता. मला ऐकू येत होतं.