वरचा दात
काल महाडला माझ्या दारात एक शाळकरी मुलगी आली आणि तिने मूठ उघडली. तळहातावर तिचा नुकताच पडलेला दुधाचा दात होता, वरचा, आणि मला पोलादपूरवरच्या वाडीतली ती सकाळ आठवली. मी तिथे अंगणवाडी सेविका होते. ही तेव्हा दीड वर्षांची, वजनाच्या झोळीत मांजराच्या पिल्लाएवढी दिसायची आणि तोंडात एकही दात नव्हता. महाडच्या डॉक्टरांनी औषध सुरू करून सांगितलं होतं, वाढीला लागली की दात येतील. मी दर महिन्याला हिरड्यांवरून बोट फिरवायची, काही लागायचं नाही. त्या दिवशी नाचणीची पेज भरवताना चमचा टक्‌ वाजला. "अगो, दात आलाय हिला," मी ओरडलेच, पण तिच्या आईने मान खाली घातली. "चार दिस झालं, बाई. कुणाला बोलले नाय. वरचा हाय." वरचा दात आधी आला तर मामाला वाईट, असं आमच्याकडे मानतात, आणि या आईला एकच भाऊ, मुंबईत टेम्पो चालवणारा. मी तिथूनच त्याला फोन लावून सगळं सांगितलं. तो हसला. "वरचा येवदे नायतर खालचा, पोर चावतंय ना? रविवारी येतो, माझंच बोट देतो चावायला." आला, दिलंही, आणि बोटावरची खूण वाडीभर दाखवत फिरला. काल मी पोरीला विचारलं, एवढ्या लांब महाडला कुणाबरोबर आलीस? तिने मागे पाहिलं. टेम्पोतून मामा उतरत होता.