हवालदाराची तिसरी फीत

हवालदार कधी दाराकडे पाठ करून बसला नाही. चहाच्या टपरीवर बाक उलटा असला तर आधी तो उचलून फिरवायचा, मग बसायचा. माझ्या घरी जेवायला आला की पाटासकट सरकून दार समोर घ्यायचा. माझी बायको हसायची. "भावजी, ताट कोणी पळवत नाही हो." तो म्हणायचा, "वहिनी, सवय आहे." मी म्हणायचो, ही फौजेची ऐट आहे. पंधरा वर्षं मी तेच धरून बसलो होतो, आणि मी एकदा काही धरलं की सोडत नाही, हे आमच्या अख्ख्या लिंबायत वस्तीला माहीत आहे.

तो धुळ्याकडचा, माझ्या गावापासून दोन कोसांवरचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. फौजेतून सुटल्यावर गावात जीव रमेना म्हणून सुरतेला आला आणि आमच्या खात्यावर वॉचमन लागला. खातं म्हणजे लूमचा कारखाना, इथं तसंच म्हणतात. लूमच्या खडखडाटात उभं राहून राहून माझे कान अर्धे गेले. त्याचे कान मात्र मांजराचे. मी मोठ्यानं बोललो की म्हणायचा, "नाना, वरडू नको भो, माले आयकू येस." सगळं ऐकू यायचं त्याला. तेच त्याचं दुखणं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

खात्यात सुताच्या कांड्या भरायला बायका असायच्या. एखादी रजा मागायला शेठच्या केबिनमध्ये गेली की हवालदार गेट सोडून यायचा, दार उघडायचा आणि खाली सुताचं रिकामं रीळ, बाबीन, अडकवून परत जायचा. शेठ आतून ओरडायचा, "अरे हवालदार, दरवाजो बंध कर ने! एसीनी हवा बहार जाय छे." हा बाहेरून म्हणायचा, "जाऊ द्या शेठ, हवाच आहे." आमचा शेठ सरळ माणूस होता, त्यामुळे तो चिडायचाही आणि हसायचाही. मी एकदा हवालदाराला म्हणालो, "अरे, तो काय खाणार आहे का बाईला?" दुसऱ्या दिवशीही बाबीन होतीच.

मग त्याला पोरींचं वेड लागलं. शाळेमागच्या मैदानात तो पहाटे गल्लीतल्या अकरा पोरींना पळवायचा, भरतीची तयारी म्हणून. त्यात माझी नात भारती होती. पण पळायच्या आधी ओरडायचं, असा त्याचा नियम. रांगेत उभं राहून पोटातून, जोरात. पहिल्या दिवशी पोरी नुसत्या खिदळल्या. तो म्हणाला, "हसून झालं? आता ओरडा. समोरच्या बिल्डिंगमधला माणूस खिडकीत आला पाहिजे." माणूस आला, बनियनवर. "ओ हवालदार, पोरींचं लगीन करायचं की लढाई?" हवालदार म्हणाला, "जिला ओरडता येतं, ती दोन्ही करेल."

भारतीला फौजेतच जायचं होतं. तो तिला म्हणायचा, "पोलिसात जा. नाहीतर बँकेची परीक्षा दे." ती म्हणायची, "बाबा, तुम्हीच फौजी आणि तुम्हीच नको म्हणता?" तेव्हा तो शिट्टी वाजवून दुसरीकडे बघायचा.

त्याच्या खोलीत भिंतीवर पलटणीचा फोटो होता, मधोमध खुर्चीवर साहेब, खाली नाव. मी चौथीपर्यंत शिकलो, पण नाव वाचता येतं. एका जानेवारीत टीव्हीवर तेच नाव ऐकलं. साहेबाला दिल्लीचा मोठा किताब जाहीर झाला होता. मी गल्लीभर सांगत सुटलो, "आपल्या हवालदाराचा साहेब!" गल्लीच्या गणेश मंडळाच्या अध्यक्षालाही मीच जाऊन सांगितलं. चूक माझी आहे, म्हणून लिहून ठेवतो.

आठ दिवसांत दुसरी बातमी आली. एक पांढऱ्या केसांची बाई टीव्हीवर आली. फौजेच्या दवाखान्यात सिस्टर होती. म्हणाली, या साहेबानं मला ऑफिसात बोलावून माझ्यावर हात टाकला होता, मी तक्रार केली, ती दाबली. झालं. एक पक्ष म्हणाला किताब परत घ्या, दुसरा म्हणाला हा सैन्याचा अपमान. बाईचं काय झालं, हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही. टपरीवर रोज भांडणं. मीही बोललो, मोठ्यानं, "इतकी वर्षं बाई गप्प का होती? किताब मिळाल्यावरच बरी आठवण झाली!" हवालदार शेजारी बसला होता. त्यानं कप अर्धाच ठेवला आणि निघून गेला.

अध्यक्षानं चौकात सैन्याच्या सन्मानाची सभा ठेवली. "नाना, जोरदार प्रोग्राम करू. साहेबांचा फोटो, बाजूला आपल्या हवालदाराचा. मेन गेस्ट तोच." हवालदार नाही म्हणाला. मी त्याच्या खोलीवर तीनदा गेलो. तिसऱ्यांदा म्हणालो, "माझ्या शब्दाला किंमत नाही का?" त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाला, "येतो. पण बोलू द्यायचं मला."

सभेला कोट, टोपी, पदकं घालून आला. पोरी पहिल्या रांगेत. अध्यक्षानं शाल घातली, नारळ दिला, माईक दिला. हवालदार ताठ उभा राहिला.

"त्या दिवशी साहेबाच्या दारावर मी ड्युटीला होतो," तो म्हणाला. "पहारेकरी बाहेर बघतो. पाठ दाराकडे. आतून सिस्टरचा आवाज आला. 'सोडा' म्हणाली. दोनदा. मग टेबल पडलं. मी सावधानमध्ये उभा होतो, उभाच राहिलो. चौकशीत विचारलं, काय पाहिलं? मी म्हणालो, काही पाहिलं नाही. सही केली. काय ऐकलं, ते कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याच साली मी नायकाचा हवालदार झालो. तिसरी फीत मिळाली."

मग त्यानं गर्दीत मला शोधलं.

"आमचा नाना विचारतो, बाई इतकी वर्षं गप्प का होती. बाई गप्प नव्हती, नाना. तिनं त्याच आठवड्यात तक्रार केली होती. गप्प मी होतो."

माईक बंद झाला. कोणी "गद्दार" ओरडलं, कोणी "दारू प्यायलाय" म्हणालं. त्यानं शाल काढली, नीट घडी केली, नारळावर ठेवली आणि खाली उतरला. जाताना माझ्याजवळ थांबला. मी तोंड फिरवलं.

खरं सांगतो, तो खोटं बोलतोय असं मला एक क्षणही वाटलं नाही. माझा राग वेगळाच होता. पाचशे माणसांत त्यानं माझं नाव घेतलं होतं. मी बोलणं बंद केलं. टपरीवाल्यानं त्याला चहा देणं बंद केलं. अकरापैकी नऊ पोरींना आईबापांनी मैदानात पाठवणं बंद केलं. भारती जात राहिली. तिच्या बापानं अडवलं, मीही अडवलं. ती बूट घालत राहिली. हवालदारानं त्या सिस्टरच्या वकिलाला शोधून सगळं लिहून दिलं, हे मला तिच्याकडूनच कळलं. किताबाचं पुढं काय झालं, ते मोठ्या लोकांना माहीत. आमच्या गल्लीत तोवर दुसरा विषय निघाला होता.

चार महिने गेले. एकदा भाकरी वाढता वाढता भारती म्हणाली, "आजोबा, ते खोटं बोलले असते तर तुम्ही अजून त्यांच्याशी बोलत असता." घास तसाच ठेवून उठलो.

त्याच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. हवालदार खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाराकडे पाठ. मी उंबऱ्यातच थांबलो. पंधरा वर्षांत त्याची पाठ अशी पाहिली नव्हती. केवढी वाळली होती.

"कोण?" तो न वळताच म्हणाला.

"मी."

"बस."

मी बसलो. खुंटीवर त्याचा जुना वर्दीचा सदरा होता. माझा जन्म कापडात गेला, नजर आधी तिथंच गेली. बाहीवर दोनच फिती. तिसरीच्या जागी नुसती टाक्यांची भोकं.

"फीत कुठंय?"

"उसवली."

"कोणाला विचारून?"

तो हसला असावा, पाठ हलली. "नाना, आता मला हवालदार म्हणू नको."

"मी तेच म्हणणार," मी म्हणालो. "त्या दिवशी चौकात कमावलीस ती. परत शिव."

त्यानं विचारलं, "नात ओरडते का अजून?"

"गल्ली झोपू देत नाही."

"फौजेतच जायचं म्हणते?"

"म्हणते."

"जाऊ दे मग," तो म्हणाला. "पण ओरडणं सोडू नको म्हणावं."

पुढच्या आठवड्यात पुतण्या त्याला गावी घेऊन गेला. दिवाळीच्या आधी तो गेल्याचा फोन आला. मी बाराव्याला गेलो. पुतण्यानं पत्र्याची पेटी उघडली आणि म्हणाला, "काकांनी सांगितलं होतं, हा सदरा नानांचा." खिशात ती फीत होती, घडी करून ठेवलेली. शिवली नव्हती. माझं ऐकलं नाही त्यानं. त्याचाही हट्ट काही कमी नव्हता.

सुरतेला आलो आणि सुईदोरा घेऊन दारात, उजेडात बसलो. भारती म्हणाली, "द्या, मी शिवते." दिला नाही. जुन्या भोकांतून दोरा घातला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. मी घातला नाही. फीत अर्धं बोट वर सरकवली आणि सुईनं नवी भोकं पाडत गेलो.