इंजिनाची आंघोळ

खंडेनवमीच्या, म्हणजे इथल्या तमिळनाडूतल्या आयुधपूजेच्या, आदल्या दिवशी आमची गाडी धुवायला गाड्या धुणारा एक जण आला. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. गाडी माझ्या गेलेल्या यजमानांची. आता बिघडली तर विकून टाकीन, असं मुलानं बजावलेलं. पण पूजा करायची तर इंजिनालाही न्हाऊ घालायला नको का? मी घागर भरून उभी.

त्यानं बॉनेट उघडलं, हात जवळ नेऊन ऊब पाहिली नि पायरीवर बसून राहिला. अर्धा तास! मग बॅटरीची तार सोडली, नाजूक जागा प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधल्या नि ओल्या फडक्यानं हळूहळू पुसू लागला. ही कसली आंघोळ, मला कळेना.

“अरे बाबा, ओत की पाणी!” मी तमिळमध्ये म्हटलं.

“अम्मा, ताप आलेल्या माणसाला तुम्ही पुसून काढता, की तळ्यात ढकलता?”

सगळं वाळल्यावर त्यानं किल्ली फिरवली. गाडी यजमानांसारखीच एकदा खाकरली नि सुरू झाली. मग माझ्या हातातली घागर घेऊन तो घटाघटा पाणी प्यायला.

इंजिनाची आंघोळ झाली की नाही, मला अजून उमगलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पूजेत त्या इंजिनाला कुंकू मात्र मी लावलं.