टेबल-खुर्ची मिळेल

अख्ख्या कळव्यात माझ्यासारखी जबरी जाहिरात आजपर्यंत कुणी केलेली नाय. त्यातली एकच ओळ माझी होती, नि तीच खोटी होती.

आजोबांनी मिठागरात काम केलं, बापाने जागा राखली, मी तिच्यावर एक मजला चढवला नि दमलो. वरच्या खोलीत भाड्याने कोण ठेवायचं ते आईने सांगून टाकलेलं. "कॉलेजची पोरं ठेव. या घरात कुणीतरी पुस्तक उघडून बसलेलं मला बघायचंय." बोलताना माझ्याकडेच बघत होती. मी शाळेत गेलेलो हां. दारातून आत जायचो, मागच्या भिंतीवरून बाहेर.

झेरॉक्सवाल्याने जाहिरात लिहून दिली. ठाण्यातल्या कॉलेजांबाहेर, खोपटच्या डेपोजवळ मी डिंक घेऊन चिकटवत फिरलो. एक कागद उलटा लावलेला, तो एका पोरीने सरळ करून दिला. आठ दिवस एक फोन नाय. झेरॉक्सवाला बोलला, "दादा, पोरं अभ्यासाला येतात. टेबल-खुर्ची देताय का?"

मी बोललो, "लिही, मिळेल."

दुसऱ्याच दिवशी फोन. परभणीकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन चार वाजता येणार. आता आमच्या घरात टेबल कुठलं? आम्ही जेवतो खाली, बसतो ओट्यावर. चुलत भावाचा मंडपाचा धंदा. पावसाळ्यात लग्नं नसतात, सामान गोडाऊनमध्ये पडून. धावत गेलो, हाताला लागलं ते टेम्पोत टाकलं.

टेबल जेवणावळीचं, गुलाबी झालर लावलेलं. खुर्ची स्टेजवरची, नवऱ्या मुलाची. लाल मखमल, सोनेरी पाठ, दोन्ही हातांवर सिंह.

पोराचा बाप दारातच थांबला. मुलगा काडीसारखा, तो बिचकत बसला, पाय जमिनीला टेकेनात. बाप बोलला, "हे आमच्या मुलासाठी आहे?"

"कायमचं!" मी बोललो. भावाला बोललेलो, एक दिवसासाठी.

पोरगा राहिला. रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायचा. आई गुडघे धरत जिना चढायची नि वरच्या पायरीवर बसून ऐकायची. एक अक्षर कळत नव्हतं तिला, पण तो थांबला की विचारायची, "दमलास काय रे?" तो बोलायचा, "नाही आजी, पान उलटतोय."

तुळशीचं लग्न झालं नि भाऊ टेम्पो घेऊन दारात. परवा लग्न, खुर्ची पाहिजे. परवाच पोराचा पेपर. मी दोघांना शब्द दिलेला, म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो. खालचं सगळं ऐकू येत होतं.

"काकी, जोडीतली एकच खुर्ची हाय माझ्याकडं. नवरा कुठं बसंल?"

"त्याला प्लास्टिकची दे," आई बोलली. "त्याला काय पेपर लिहायचाय?"

नवरा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. फोटोत दिसतो, नवरीच्या खांद्याएवढा. भाऊ वर्षभर माझ्याशी बोलला नाय. पोरगा पास झाला, आईच्या पाया पडला. दोन वर्षांनी नोकरी लागून गेला, तेव्हा खोलीत नुसता पंख्याचा आवाज राहिला. आई तरी संध्याकाळी पायरीवर जाऊन बसायचीच.

आता जाहिरात मोबाईलवर जाते, फोटोसकट. मखमल विटली, एका सिंहाचं नाक गेलंय, तरी फोटोत खुर्चीच पुढे असते. पोरं तिलाच बघून येतात. आज चार वाजता एक नवीन येणार हाय. तोवर म्हटलं, आपण पण टेबलाशी बसून चार ओळी लिहू. त्या ह्याच.

आई जिना चढून आली. मी लिहितोय हे तिने बघितलं. मला वाटलं, आता हिचे डोळे भरणार.

"ऊठ," ती बोलली. "ती खुर्ची शिकणाऱ्याची हाय. तू इथं पायरीवर बस माझ्या बाजूला."