टेबल झाल्याशिवाय पाठवणी नाही

आमच्या बाबांच्या कोटाच्या खिशात कायम एक पाणसळ असे. लोक खिशात चष्मा ठेवतात, तंबाखूची डबी ठेवतात, फार तर देवाची तसबीर ठेवतात. बाबा वीतभर लांबीची, लाकडात बसवलेली काचेची नळी घेऊन हिंडायचे. नळीत पिवळसर पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. वस्तू सपाट असली की बुडबुडा मधोमध थांबतो, नसली की उंच बाजूकडे पळतो. समोर दिसेल त्या वस्तूवर पाणसळ ठेवायची, एक डोळा बारीक करायचा आणि “वाकडं हाय” असं सांगून मोकळं व्हायचं, हा त्यांचा खरा धंदा. दारव्ह्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात ते फिटर होते, पण ती नुसती नोकरी होती.

माझं लग्नसुद्धा त्या बुडबुड्याने ठरवलं. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची गोष्ट. पांढरकवड्याचं स्थळ पाहायला बाबा गेले. मुलाची चौकशी करायची सोडून त्यांनी आधी घराच्या ओट्यावर पाणसळ ठेवली. सासूबाईंना ती अत्तराची कुपी वाटली आणि त्यांनी मनगट पुढे केलं. बाबांनी त्या मनगटाकडे ढुंकून पाहिलं नाही. “ओटा वाकडा हाय, पोरगा चालन,” असा निकाल देऊन ते उठले. मला कुणी काही विचारलं नाही. ओट्यालाही विचारलं नव्हतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची.

बाबांच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं होती, लोखंड आणि पत्रा. लोखंड म्हणजे ते स्वतः. बाकी सगळे पत्रा. जिनाचा मॅनेजर पत्रा, शाळेचे हेडमास्तर पत्रा, निवडणुकीत भाषणं करणारे तर पिंपाचा पत्रा. तुच्छता हा त्यांचा श्वास होता, आणि तोच मला वारशाने मिळाला असं माझी माय म्हणायची. माय स्वतः काही बोलायची नाही. बाबा एखाद्याची पत्र्यात गणना करू लागले की ती उठून भाकरी थापायला बसायची. तव्यावरच्या भाकरीवर मात्र पाणसळ ठेवायची बाबांची कधी हिंमत झाली नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले आणि मुलगा झाला. आमच्याकडे पहिलटकरीण माहेरी बाळंत होते. मग जावई न्यायला येतो, आई ओटी भरते, बाप पाळणा देतो आणि लेकीला सासरी पाठवतो. बापाने पाठवल्याशिवाय लेकीने उंबरा ओलांडायचा नसतो. ओलांडला तर गावाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळतो. होळीच्या सुमारास बाबा एकटेच पांढरकवड्याला जाऊन आले, घरदार कसं काय आहे ते पाहायला. तोवर आमच्या ह्यांनी गॅरेजातली नोकरी सोडून घराच्या मागच्या अंगणात स्वतःचं वेल्डिंगचं काम सुरू केलं होतं. हमरस्त्यावरचं गाव, ट्रकांची तुटफूट रोजचीच. अंगणात वीज नव्हती. कार्बाइड पाण्यात टाकून निघणाऱ्या ग्यासवर काम चाले, आणि अख्ख्या घराला त्याचा लसणासारखा वास येई.

बाबांनी पाहिलं ते असं: जावई भुईवर उकिडवा बसलेला, समोर दोन दगड, दगडांवर ट्रकच्या मागच्या फाळक्याची चौकट, आणि कानांना सुतळीने बांधलेला काळा चष्मा. जोडून झालेली चौकट बाबांनी पाणसळीवर पाहिली. ती पिळलेली होती. घरी येऊन त्यांनी कोट काढायच्या आधीच जाहीर केलं.

“जो मानूस भुईवर बसून जोडते, त्याचा संसार बी भुईवरच राह्यते. टेबल झाल्याबिगर पाठवनी नाई.”

मला वाटलं, हे ऐकून आमचे हे भांडायला येतील. एखादा नवरा आला असता. ह्यांनी निरोप धाडला, की बाबांचं म्हणणं बरोबर आहे, टेबल करतो. असा नवरा देवाने कोणत्या मुशीतून काढला असेल याचा विचार करत मी लेकराला पायावर घेऊन बसले. एका टेबलापायी मी माहेरी अडकले होते, आणि दोन्ही पुरुषांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

पहिलं टेबल ह्यांनी आपल्या मनाने केलं. डांबराच्या पिंपाचा पत्रा सरळ करून चार पायांवर ठोकला. सुट्टीच्या दिवशी बाबा यवतमाळला मोटार बदलून तिथे पोचले, टेबलावर बसले आणि दोनदा हलले. “जवाईबापू, यावर पापड वाळू घाला,” एवढं बोलून परतीच्या मोटारीने घरी आले. दिवसभराचा प्रवास त्यांनी त्या एका वाक्यासाठी केला, आणि परत आल्यावर ते वाक्य आम्हाला चार वेळा ऐकवलं.

दुसऱ्या टेबलाची सूत्रं मग बाबांनीच हाती घेतली. जिनातल्या मोडीत निघालेल्या सांगाड्याचे जाड अँगल आणि करंगळीएवढी जाड लोखंडी प्लेट त्यांनी मिळवली. ट्रकमधून उतरवताना हमाल बाबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते म्हणे. मला ऐकून बरं वाटलं. चौकटीचे चारही कोपरे आधी वेल्डिंगच्या नुसत्या टिपक्यांनी धरायचे, मग दोन्ही कर्णांवर सुतळी ताणून ती सारखी भरते का ते पाहायचं, आणि मगच जोडायचं. तेही एका ओळीने नाही, तर या कोपऱ्यावर थोडं, समोरच्या तिरप्या कोपऱ्यावर थोडं, म्हणजे आचेने चौकट ओढली जात नाही. हे सगळं बाबांनी जावयाला शिकवलं, आणि शिकवताना त्याला एकदाही बरं म्हटलं नाही. आमचे हे मात्र घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की काय माणूस आहे. मीही तेच म्हणत होते, फक्त सूर वेगळा होता.

मग पाय रोवायचा प्रश्न आला. ह्यांचं म्हणणं, पाय मोकळे ठेवू, खाली चपटे दगड देऊ. अंगणातली जमीन काळी आहे, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. हे कोणीही सांगेल. वैशाख होता, अंगणात मनगट जाईल एवढ्या भेगा बाबांच्या पायाखालीच पडल्या होत्या. पण बाबांचा जिन मुरमाच्या टेकाडावर होता. तिथली यंत्रं खड्डे खणून, सिमेंट ओतून रोवलेली, आणि तीस वर्षांत एकही जागची हलली नव्हती. “हालते ते टेबल नसते, पाळना असते,” म्हणून त्यांनी चार खड्डे खणवले आणि चारही पाय सिमेंटात गाडले. वर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. घरी आल्यावर त्या रात्री बाबा चक्क गाणं गुणगुणले. सिमेंट मुरू दे, मग आषाढ लागतो, आषाढात लेक धाडत नाहीत, श्रावणात पाठवू, असं ठरलं.

श्रावणात हे मला न्यायला आले. ओळखीच्या ड्रायव्हरचा रिकामा ट्रक परतीला निघाला होता, तो गल्लीच्या तोंडाशी उभा करून आले. मी लुगडं बदलून, लेकराला काजळ लावून तयार होते. बाबांनी विचारलं, टेबल कसं आहे. आता एखाद्या शहाण्या माणसाने “छान आहे” म्हटलं असतं, बायको ट्रकात घातली असती आणि विषय संपवला असता. आमच्या सत्यवचनी गृहस्थांनी सांगितलं की पावसाने माती फुगली, दोन पाय वर उचलले गेले आणि टेबल एका बाजूला कललं आहे.

बाबांनी खिशातली पाणसळ काढली आणि पुन्हा खिशात घातली. मग म्हणाले, “मंग टेबल नाई झालं.” आमचे हे मान खाली घालून उभे. गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. लेकरू एव्हाना रांगत होतं, ते रांगत जाऊन बापाच्या पायाला बिलगलं आणि अनोळखी माणूस पाहून रडायला लागलं. आपल्या बापाला ते ओळखत नव्हतं. माझ्या डोक्यात काहीतरी फिरलं.

मी लेकराला उचललं. “बाबा, तुमचा बुडबुडा मधात येईपर्यंत बसली, तं हे पोरगं इथंच मॅट्रिक होईन. मी चालली.”

“म्या पाठवली नाई,” बाबा म्हणाले. “ध्यानात ठेव.”

मायने घाईत माझी ओटी भरली. तांदूळ काढायलाही वेळ नव्हता, हाताला आली ती ज्वारी घातली. मी ट्रकात बसले आणि मागे वळून पाहिलं नाही. बाबा दारात आले होते की नाही ते मला आजही माहीत नाही, आणि मायला विचारायचं धाडस मला झालं नाही.

दिवाळीला मला माहेरचं बोलावणं आलं नाही. लेकराचा पाळणाही आला नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण शेजारणी बोलायच्या. मी त्यांना उडवून लावायची आणि चुलीपाशी बसून रडायची. कललेल्या टेबलाकडे पाहिलं की मला बाबांचा इतका राग यायचा, की मी त्यावर ओली धुणी वाळत घालायची.

मग ऐन कापसाच्या हंगामात, जिनाला श्वास घ्यायला फुरसत नसते तेव्हा, एका सकाळी बाबा दारात उभे राहिले. हंगामात त्यांनी स्वतःच्या बापाच्या तेराव्यालाही अर्ध्याच दिवसाची रजा घेतली होती. एका खांद्यावर सागवानी पाळण्याचे सुटे भाग, दुसऱ्या हातात पिशवी. पाळणा ओट्यावर टेकवला, माझ्याशी एक शब्द न बोलता मागच्या अंगणात गेले, टेबलावरची धुणी बाजूला केली आणि पाणसळ ठेवली. बुडबुडा कुठे गेला ते पाहिलं. मग पिशवीतून लोखंड कापायची आरी काढली आणि खाली बसून, स्वतः रोवलेला पाय सिमेंटाच्या वर कापायला लागले.

हे म्हणाले, ग्यासने चुटकीसरशी कापून देतो. “राहू द्या तुमचा ग्यास,” बाबा म्हणाले. चार जाड अँगल त्यांनी संध्याकाळपर्यंत हाताने कापले. तळहाताला फोड आले. अखंड बडबड चालू होती, पण त्यात स्वतःविषयी अवाक्षर नव्हतं. सगळा दोष आमच्या अंगणाचा. “हे काय माती हाय? पीठ हाय पीठ.” चूक झाली असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही ते ऐकायला थांबले नाही. ह्यांनी पायांना पट्ट्या जोडल्या, खाली चपटे दगड आले, आणि उरलेला कल काढायला बाबांनी एका पायाखाली लोखंडी पाचर ठोकली. बुडबुडा मधे आला. त्या रात्री ते आमच्याकडे जेवले, आणि लेकराला लोखंड म्हणाले.

तेव्हापासून नेम सुरू झाला. पावसाळा सरला की एकदा आणि उन्हाळा तापला की एकदा, बाबा टेबल सपाट करायला यायचे. पाचर एक बोट आत किंवा एक बोट बाहेर, एवढंच काम. ते ह्यांना येत नव्हतं असं नाही. पण सोयऱ्याकडे जेवायला जाणं बाबांना कमीपणाचं वाटायचं, आणि लेकीची आठवण येते असं म्हणणं तर पत्र्याचं काम. लेकीला भेटायला त्या माणसाला एक लोखंडी टेबल लागत होतं. यायचे, माती पीठ आहे म्हणायचे, भाजीला मीठ कमी आहे म्हणायचे, दोन दिवस राहून जायचे.

माय गेल्यावर बाबा एकदम वाकले. जिन सुटला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तरी वैशाखात काठी टेकत, मोटार बदलत ते आले. अंगणात जाऊन टेबलावर पाणसळ ठेवली, वाकून पाहिलं आणि तसेच वाकलेले राहिले.

“कुठं हाय?” त्यांनी मला विचारलं.

मी पाहिलं. बुडबुडा अगदी मधोमध होता, केसभरही इकडे-तिकडे नव्हता. मी खरं तेच सांगितलं. “मधात हाय, बाबा.”

त्यांचा हात टेबलाच्या कडेवर चाचपडत थांबला. “मंग मी कायले आलो?”

आमचे हे शेजारीच उभे होते. मी पुन्हा वाकले. “थांबा. जरासा डावीकडं हाय.”

“म्हनलंच म्या,” बाबा म्हणाले. “पीठ हाय पीठ.” ते खाली बसले, चाचपडत पाचर शोधली आणि हातोडीने दोन घाव घातले. माझ्या डोळ्यांसमोर बुडबुडा मधून निघून कडेला गेला. ह्यांनी तो पाहिला, आणि जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून राहिले.

दिवाळीआधीच बाबा गेले. आमचं टेबल तेव्हापासून वाकडं आहे. नेमकं काम आलं की हे दुसऱ्या बाजूच्या पायाखाली पत्र्याची पट्टी सारतात, काम झालं की काढून घेतात. एवढा खटाटोप कशाला, पाचर काढून टाका, असं मी एकदा म्हटलं.

हे म्हणाले, “बाबांनी बसवली हाय. ते आले का काढतीन.”

असल्या माणसाशी काय बोलायचं. मी टेबलावरचा चहाचा कप उचलला, कलंडू नये म्हणून, आणि आत गेले.