सगळी बटणं राखाडी

कारखान्यातल्या यंत्रांच्या स्क्रीनवरची बटणं कशी दिसावीत, ते स्टाइलशीटमध्ये लिहिणाऱ्या प्रोग्रामरला सगळे रंगारी म्हणत. सोमवारी त्याने एका ओळीत सगळीच बटणं राखाडी केली आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यात पत्रा दाबणारं प्रेस यंत्र थांबवायचं लाल बटणही गेलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मंगळवारी प्रेसवाले काका हाताला रक्ताळलेलं फडकं गुंडाळून वर त्याच्या टेबलाशी आले. त्यांनी रंगाऱ्याची मानगूट धरून नाक कीबोर्डवर आपटलं.

“लाल बटण शोधेपर्यंत दोन बोटं गेली माझी! कलाकार झालायस?”

“काका, एका ओळीचं काम आहे हो!”

“मग लिही!” काकांनी पुन्हा आपटलं.

नाकातून रक्त गळत असताना रंगाऱ्याने त्या एका बटणासाठी वेगळा नियम लिहिला. बटण लालभडक झालं. काकांनी उरलेल्या बोटांपैकी एकाने ते दाबून पाहिलं, मगच ते दवाखान्यात जायला तयार झाले.