पूजेतली पहार

सुनेचे पाय शटरच्या बाहेर होते आणि बाकीची सून आत होती. शटरची खालची लोखंडी पट्टी तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, आडवी बसली होती. आतून शेळी ओरडत होती. सुनेचा आवाज येत नव्हता.

ही ट्रॅक्टरची खोली. पोरानं ट्रॅक्टर घेतला तेव्हा कुरुंद्यात आमच्या घराला लागून ती बांधली आणि दुकानाला असतं तसं गुंडाळून वर जाणारं शटर बसवलं. मी म्हणाले होते, लाकडी दार लाव. कोणी ऐकलं नाही. चार वर्षं ते एका हातानं वर जायचं. मग वरची स्प्रिंग तुटली. आता उचलायला दोन माणसं लागायची आणि सोडलं की धाडकन खाली यायचं. वसमतचा मिस्त्री बघून म्हणाला, "अम्मा, ये शटर टेकू पे नहीं चलता, स्प्रिंग पे चलता. बदल लो, नहीं तो किसी दिन किसी के सर पे आता." आम्ही म्हटलं, सोयाबीन निघू दे. तोवर शटर उघडलं की खाली पहार उभी करायची. पहार लोखंडाची, वाकत नाही, मोडत नाही. आम्हाला वाटलं, भागलं. ही चूक सगळ्या घराची. पुढची माझी एकटीची.

त्या दिवशी खंडेनवमी होती. ओट्यावर विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ मांडला. पहारही धुऊन त्यात ठेवली आणि हळदकुंकू लावलं. पूजलेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नाही, असं माझ्या सासूनं मला सांगितलं होतं आणि मी सुनेला. ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. त्या आल्यागेल्याला दिसायला शटर उघडं पाहिजे होतं. आमच्या मालकांनी आणि सुनेनं मिळून ते खांद्याएवढं उचललं.

"आत्याबाई, पहार द्या इकडं," सून म्हणाली.

"आज पहारीला हात लावायचा न्हाई. वलनीची काठी लाव."

"काठी व्हय? तिच्यानं ओलं लुगडं तोलंना, शटर काय तोलतंय?"

"लई शानी हायेस. सांगते तेवढं कर."

कपड्यांच्या दोरीला टेकू द्यायची ती बांबूची काठी. तिनं तोंड वाकडं करून लावली. घटकाभरानं शेळी दावं तोडून आत शिरली आणि ट्रॅक्टरची माळ खाऊ लागली. सून वाकून आत गेली, शिंगं धरून शेळीला ओढत पाठमोरी बाहेर येत होती. शेळीनं हिसडा दिला. सून काठीवर आदळली, काठी मोडली.

मालक धावले. दोन्ही हातांनी पट्टी धरून जोर लावू लागले. शटर तिरकं होऊन खाचेत अडकलं होतं, बोटभर हललं नाही.

"बघून काय राह्यलीस? ये की!" ते ओरडले.

मी ओट्याकडे पळाले. त्यांना वाटलं, घाबरून पळाली. मी पूजेतून पहार उचलली. विळे-खुरपी अंगणात सांडली. पट्टीजवळ वीट ठेवली, तिच्यावरून पहारीचं टोक पट्टीखाली घातलं आणि दुसऱ्या टोकावर अंगाचा सगळा भार टाकला. शटर वीतभर उचललं.

"वढा तिला!"

मालकांनी पाय धरून तिला ओढलं. ती बाहेर आल्यावर मी पहार सोडली. शटर पुन्हा आदळलं.

सुनेचं तोंड धुळीनं माखलं होतं. तिनं डोळे उघडले. आधी मला पाहिलं, मग पहारीला.

"आत्याबाई... हात लावायचा न्हाई म्हणलं व्हतं ना?"

"गप पड," मी म्हणाले.

शेजारच्यांच्या जीपमधून वसमतला नेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची आणि मी ड्रायव्हरला शिव्या द्यायचे. डॉक्टरांनी पाय हलवायला सांगितले. हलले. तेव्हा माझा जीव जागेवर आला. दोन बरगड्या मोडल्या होत्या. दीड महिना ती पडून होती, स्वयंपाक मी केला, आणि भाजीत मीठ जास्त असल्याचं तिनं रोज सांगितलं.

सोयाबीन निघायची वाट न बघता स्प्रिंग बदलली. शटर आता पुरतं वर जातं, नाहीतर पुरतं बंद असतं. अर्धवट शटरखालून आमच्याकडे कोणी वाकून जात नाही, आणि ते वर-खाली होताना लेकरांना मी ओट्यावर बसवते. पूजा अजून करते, नियमही पाळते. पण जे अवजार कशाला टेकू म्हणून लावलेलं आहे, त्याला जागेवरच हळदकुंकू लावते.

सून जगली. शेळीही जगली.